लेखी उत्तर दिले जाईल

प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतंच, ते शोधण्याची तळमळ मात्र हवी, असं मी आयुष्यभर वर्गात सांगत आलो. मुलं गंभीरपणे माना डोलवायची, कारण त्यांच्या दप्तरात गाइड असायचं. हे वाक्य मी कुठून उचललं ते आठवत नाही, आणि त्यावर माझा कितपत विश्वास होता तेही सांगता येणार नाही; ते म्हटलं की तास बरा संपायचा. गेल्या ऑगस्टात एका दुपारी प्रवीणचा फोन आला. "सर, तात्या गेले," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे, राहात्याला की नगरला?" कारण त्याचे वडील सोपानराव सदानकदा कुठल्या ना कुठल्या कचेरीत गेलेले असायचे, आणि जिल्ह्याचं नाव बदललं तरी आमच्या तोंडून अजून नगरच येतं. मग तो हळूच म्हणाला, "तसं न्हाई, सर..." आणि मला कळलं.

सोपानराव गोदावरीकाठच्या एका गावातले बागायतदार. पेरूची बाग, थोडा ऊस, दोन म्हशी, आणि वडिलांनी स्वतः कुदळ मारून खणलेली एक विहीर. वडील कारखान्याचे सुरुवातीचे सभासद. त्यांच्यानंतर शेअर सोपानरावांच्या नावावर आला आणि त्यासोबत 'आपला कारखाना' हा शब्दप्रयोगही आला. मी श्रीरामपूरला कॉलेजात मराठी शिकवत होतो, प्रवीण माझ्या वर्गात होता. एका रविवारी सकाळी त्याचे वडील दारात उभे राहिले. डोक्याला टोपी, अंगात पांढरा सदरा आणि नेसूला चहात बुडवून काढावं तशा रंगाचं धोतर. पिशवीतून त्यांनी चार पेरू काढून माझ्या टेबलावर मांडले. मी भिडस्तपणे एक उचलला, तर म्हणाले, "खाऊ नका, सर. दाखवायला आनलेत." पेरूवर काळे चट्टे होते आणि देठाकडचं पान कडेनं जळाल्यासारखं दिसत होतं.

हकीकत साधी होती. कारखान्याने दारूचा प्रकल्प सुरू केला, त्याचं मळीचं पाणी ओढ्याला सोडलं जाऊ लागलं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत सोपानरावांच्या विहिरीचं पाणी तांबडं झालं. म्हशी तोंड लावीनात. त्या पाण्यात धुतलेलं धोतर पुन्हा कधी पांढरं झालं नाही. त्यांनी वार्षिक सभेत उभं राहून विचारलं, "माझ्या हिरीत तुमी मुतता का काय?" त्यावर हशा झाला, आणि कारखान्याच्या कार्यकारी संचालकांनी माइकवरून सांगितलं की सभासदांनी आपले प्रश्न लेखी, सभेच्या आठ दिवस अगोदर आणि सभ्य भाषेत द्यावेत. "लेखी मी देतो. आठ दिस आदी पन देतो," सोपानराव मला म्हणाले. "सभ्य भाषा तेवढी तुमच्याकडं मिळंल, असं परवीन म्हनला."

मी लगेच कामाला लागलो. असं काम मला आवडतं. पाऊण पान मजकूर तयार केला, त्यात आसवनी प्रकल्प होता, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी होतं, परिसरातील भूगर्भजलाची गुणवत्ता बाधित होणं होतं, आणि शेवटी 'असल्यास त्याबाबत कोणती उपाययोजना प्रस्तावित आहे' असा झोकदार प्रश्न होता. मोठ्याने वाचून दाखवला. सोपानरावांनी डोळे मिटून ऐकला, कीर्तन ऐकतात तसा. मग डोळे उघडून म्हणाले, "झ्याक झालंय. पर सर, ह्यात माझी हीर कुठं हाय?"

"ही काय. भूगर्भजल."

"त्यात सगळ्यांच्याच हिरी बुडाल्या की. माझी एकटीची ल्ह्या."

शेवटी कागदावर एकच ओळ राहिली: 'माझ्या विहिरीचे पाणी तांबडे का झाले?' विहीर आणि झाले एवढे दोन शब्द शुद्ध करण्यापुरती माझी विद्वत्ता उपयोगी पडली. ही ओळ पुढे दरवर्षी तशीच्या तशी कारखान्यात जात राहिली. सोपानराव सभेच्या अगोदर माझ्याकडे यायचे, नवा कागद मागायचे आणि म्हणायचे, "तुमच्या अक्षरात द्या. माझं अक्षर आता त्यान्ला वळखू येतं."

त्या पहिल्या दिवशी जाताना त्यांनी विचारलं होतं की लेखी उत्तर म्हणजे नक्की काय, ते तोंडी उत्तरापेक्षा मोठं असतं का? मला बोलायला विषय मिळाला. उत्तर म्हणजे मुळात नंतरचं, मागाहून येणारं, असं मी त्यांना सांगितलं. पूर्वार्धानंतर उत्तरार्ध येतो, तसं प्रश्नानंतर जे येतं ते उत्तर. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. "म्हंजी मागून येतं ते?" हो म्हटलं. "किती मागून?" याबद्दल शब्दकोशात काही दिलेलं नाही, असं मला कबूल करावं लागलं. ते समजुतीने हसले आणि पेरू पुन्हा पिशवीत भरून घेऊन गेले. ते त्यांना तलाठ्यालाही दाखवायचे होते.

हा शब्द तेव्हापासून माझ्या मागे लागला. आपल्याकडे लहान मुलाला 'उत्तर देऊ नकोस' असं दटावतात. सुनेने उत्तर दिलं की ती उद्धट ठरते, गड्याने दिलं की त्याची मजल वाढलेली असते. म्हणजे उत्तर ही धाकट्यांनी गिळायची गोष्ट. आणि थोरांनी? थोरांना कोणी विचारतच नाही, त्यामुळे त्यांच्यावर ती वेळ येत नाही. पोलिसांपुढे माणूस देतो तो जबाब, वरिष्ठांपुढे कारकून देतो तो खुलासा; दोन्हींत देणारा उभा असतो आणि घेणारा खुर्चीत बसलेला असतो. उलट्या दिशेने, खुर्चीकडून उभ्या माणसाकडे जे येतं, त्याला शासकीय मराठीत पोच म्हणतात. सोपानरावांना दरवर्षी पोच मिळायची. आवक विभागाचा गोल शिक्का, आणि शिक्क्यात तारीख. कारखान्याची ही शिस्त वाखाणण्यासारखी होती.

एका वर्षी कुतूहल म्हणून मी त्यांच्याबरोबर सभेला गेलो. सभासद नसलेल्या माणसाला तिथे कोणी हटकत नाही. डोकी जितकी जास्त तितकी सभेला शोभा. गाळप बंद असल्यामुळे आवार स्वच्छ झाडलेलं होतं, मोठा मांडव होता, आणि व्यासपीठावर मान्यवर इतके दाटीने बसले होते की सत्काराच्या वेळी शाल कोणाच्या खांद्यावर पडते आहे ते सांगता येत नव्हतं. प्रास्ताविक, स्वागत, सत्कार, पुन्हा स्वागत. मग कार्यकारी संचालकांनी विषयपत्रिका वाचायला घेतली. "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून..." एवढं झालं नाही तोच पुढच्या रांगांतून हात वर झाले आणि आवाज आला, "मंजूर! मंजूर!" पुढचा विषय, पुन्हा मंजूर. ताळेबंद मंजूर. पोटनियमातली दुरुस्ती मंजूर. पुढच्या रांगांत बसायला माणसं ठरलेली असतात आणि त्यांचा हात ठरलेल्या वेळी वर जातो. ती माणसं काही दुष्ट नव्हती. त्यांतल्या काहींची मुलं कारखान्यात हंगामी कामाला होती, एवढंच. मंजूर या अरबी शब्दाचा मूळ अर्थ 'पाहिलेलं' असा आहे, हे मी शेजारच्या गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, "असंल. पर आमी तर काय पाह्यलं न्हाई."

शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' आले आणि सोपानराव उठले. अंगात इस्त्रीचा सदरा, खाली तेच तांबूस धोतर. सभेला ते मुद्दाम तेच नेसायचे. मागून कोणीतरी ओरडलं, "तात्या, बुवा झाले का काय?" माइक त्यांच्यापर्यंत येत नव्हता, पण त्यांना माइकची गरजही नव्हती. त्यांनी प्रश्न विचारला. चेअरमन साहेब स्वतः उभे राहिले. माणूस वाईट नाही, हीच मला सगळ्यात जड जाणारी गोष्ट आहे. त्यांना गावोगावची माणसं नावाने ठाऊक असतात आणि ते प्रत्येकाशी हसून बोलतात.

"सोपानराव, बसा, बसा. गुडघा कसा आहे आता? तुमचा प्रश्न आलेला आहे. लेखी उत्तर दिले जाईल."

"मंजूर!" पुढची रांग म्हणाली.

"आरं काय मंजूर?" सोपानराव खवळले. "उत्तर मंजूर का पानी मंजूर?"

"जेवन मंजूर, तात्या! बसा आता, आमटी निवती."

सगळा मांडव हसला. आणि सोपानरावही हसले. ते मी पाहिलं. त्यांना त्या हशाची थोडी गोडीच लागली होती. परत येताना माझ्या स्कूटरवर मागे बसून त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती "कसा बोललो?" ही. वर्षातून एकदा सगळा तालुका आपल्याकडे वळून पाहतो, यात त्यांना एक सुख होतं, आणि कारखान्यालाही त्याची सोय होती. सोपानराव हा सभेतला एक कार्यक्रम झाला होता. पुढे पुढे तर ते उठायच्या आधीच पुढची रांग ओरडायची, "लेखी उत्तर!"

मी त्यांना कोर्टात जायला सुचवलं होतं. माझा एक विद्यार्थी वकिली करतो, तो फी न घेता उभा राहायला तयार होता. सोपानराव माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांना घर पेटवून द्यायला सांगत होतो. "आपल्याच कारखान्यावर केस घालायची व्हय? माझ्या बापानं डोक्यावर इटा वाह्यल्यात तिथं." मी म्हटलं, मग विहिरीचं काय? "त्येच तर इचारतोय मी. केस म्हंजी भांडान. इचारनं म्हंजी घरातलं बोलनं." इथे आमचं कधीच जमलं नाही. मला वाटायचं की हा माणूस भाबडा आहे, आणि त्यांना वाटायचं की मला घर नाही. दोन्हींत थोडंथोडं तथ्य होतं. बाग मात्र दोघांचंही ऐकत नव्हती. आधी ओढ्याकडची ओळ गेली, मग मधली. प्यायचं पाणी टँकरचं, आणि टँकरची वेळ टँकरवाला ठरवणार.

घरात हा माणूस वेगळाच होता. एकदा मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. आतून वहिनींनी, गयाबाईंनी विचारलं, "चहा साखरंचा का गुळाचा?" सोपानराव विहिरीकडे बघत बसले. पुन्हा आवाज आला, "आवं, इचारते मी." तरी काही नाही. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बघा, सर. आख्ख्या कारखान्याकडं उत्तर मागत फिरत्यात. घरात मातर तोंडाला कुलूप. लगीन होऊन आले तवापासून इचारते मी, जेवता का, जाता का, कवा येता. एकदा 'हां' म्हनल्यालं आठवत न्हाई मला."

"तुला काय सांगायचं त्यात," सोपानराव म्हणाले. "तुला म्हाईत हाय."

"बघा, आता बोलले! तुमी बसलाय म्हनून."

मी हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

ऑगस्टात, प्रवीणच्या फोननंतर मी गेलो तेव्हा त्याच ओट्यावर सतरंजी अंथरलेली होती आणि गावातली माणसं येऊन बसत होती, उठत होती. वहिनी आत भिंतीला टेकून होत्या. मला पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि अगदी कोरड्या आवाजात सांगायला लागल्या. रोजच्यासारखं ओट्यावर ताट वाढलं होतं. "निम्मी भाकर खाल्ली हुती. मी आतून इचारलं, भाकर वाढू का? बोलले न्हाईत. म्हनलं, नेहमीचंच. भांडी घासाय बसले. मंग पुन्ना इचारलं, ताक देऊ का? तरी न्हाई. मंग मलाच राग आला. म्हनलं, बसा तसंच..." त्या थांबल्या. बाहेर कोणीतरी चपला काढत होतं. "सर, दुसऱ्या कुनाचा मालक असता तर तिला लगीच कळलं असतं."

मी तिथेच उंबऱ्याशी बसलो. अशा वेळी बोलायची जी वाक्यं असतात ती मला सगळी येतात. मी ती इतरांना लिहूनही दिली आहेत.

दहावा पुणतांब्याला गोदावरीच्या घाटावर झाला. आमच्या भागात दशक्रिया हा विधी आता धार्मिक राहिलेला नाही, तो सार्वजनिक झाला आहे. लाउडस्पीकर होता, सूत्रसंचालक होता, आणि घाटाच्या तोंडाशी लावलेल्या फ्लेक्सवर सोपानरावांचा फोटो होता. फोटो मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला असल्यामुळे ते कोणत्यातरी गुन्ह्यात हवे असल्यासारखे दिसत होते. त्यांच्यावर, अर्धवर्तुळात, श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे हसरे चेहरे होते. आधी गावच्या सरपंचांनी भाषण केलं, मग सोसायटीच्या, मग एका पतसंस्थेच्या कोणीतरी. त्यांना सोपानरावांचं नाव शेजाऱ्याला विचारून घ्यावं लागलं. शेवटी चेअरमन साहेब उभे राहिले. सोपानराव म्हणजे कारखान्याचा जागरूक सभासद, लोकशाहीत प्रश्न विचारणारा माणूस लागतो, आणि आम्हाला अभिमान आहे की त्यांच्या प्रत्येक प्रश्नाची कारखान्याने दखल घेतली. आवाजात खरोखर ओलावा होता. दखल घेतली हे खोटंही नव्हतं. शिक्के होते.

भाषणं संपली आणि पिंड ठेवले. सगळे मागे सरले. पिंपळावर कावळे होते, पलीकडच्या भिंतीवरही होते. एक उतरला, दोन उड्या मारत जवळ आला, मान तिरकी करून पाहिलं आणि परत गेला. लोक वाट पाहू लागले. मग नेहमीचं सुरू झालं. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी मागे राहिलेलं असतं. ते ओळखून तसा शब्द द्यायचा, म्हणजे तो शिवतो. प्रवीणचे मामा पुढे होऊन म्हणाले, "दाजी, अक्काला आमी काय कमी पडू देनार न्हाई." कावळा नाही. प्रवीण म्हणाला, "तात्या, बाग मोडनार न्हाई, पुन्ना लावतो." कावळा नाही. वहिनींना पुढे आणलं, तर त्या पिंडाकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. ऊन चढत होतं, चेअरमन साहेबांना पुढे आणखी एक दहावा होता आणि त्यांचा ड्रायव्हर गाडी वळवून ठेवायला गेला होता. तेव्हा गावातले एक म्हातारे गृहस्थ, रंगनाथबाबा, काठी टेकत सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, मामाचं काम न्हाई हे. तुमी सांगा त्याला."

"मी?"

"हिरीचं बघतो, एवढंच म्हना. तो दुसऱ्या कशाला आडलेला न्हाई. सगळ्या गावाला म्हाईत हाय."

घाटावरची माणसं कावळ्यांकडे बघू लागली. मी स्वतःला बऱ्यापैकी अश्रद्ध समजतो, पण त्या क्षणी मीही कावळ्यांकडे बघत होतो. दोन शब्द होते. लेखी नकोत, आठ दिवस अगोदर नकोत, समोर वार्ताहर नाही, इतिवृत्त लिहिणारा नाही. मेलेल्या माणसाला द्यायचा शब्द. त्यावर कुणी पोच मागणार नव्हतं. वहिनींनी पहिल्यांदा मान वर करून साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हात जोडले, डोळे मिटले. मग डोळे उघडून अतिशय नम्रपणे म्हणाले, "सोपानराव, तुमच्या प्रश्नावर संचालक मंडळ सकारात्मक विचार करील."

कावळे नदीपलीकडे उडून गेले. याला काही अर्थ आहे असं मी म्हणत नाही. पलीकडे कोणाचा तरी दहावा चालू होता आणि तिथे भजी असावीत. रंगनाथबाबा मात्र जोरात थुंकले आणि म्हणाले, "मेल्यावं बी तेच." आणखी अर्धा तास वाट पाहून गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला, त्याला पीळ देऊन कावळा केला आणि पिंडाला शिववला. शास्त्रात याची सोय आहे. तो दर्भाचा कावळा शिवल्याबरोबर सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि साहेबांची गाडी गेली.

सप्टेंबरमध्ये कारखान्याची वार्षिक सभा आली. प्रवीणने फोन करून विचारलं, "सर, येता का?" मला वाटलं, नवा कागद हवा असेल. तसं म्हटलं, तर म्हणाला, "कागद नको. तात्या इचारत हुते. मी इचारनार न्हाई, दाखवनार." सभेच्या दिवशी माझ्या गाडीत बसला तेव्हा त्याने पाण्याची एक बाटली आणली होती, दुकानात मिळते तसलीच, पण लेबल काढून टाकलेली. आत त्यांच्या विहिरीचं त्या सकाळी शेंदलेलं पाणी. उन्हात धरली तर लाल मातीच्या रस्त्यावर पाऊस पडल्यावर डबकं साचतं तसा रंग. रस्ताभर तो ती बाटली मांडीवर धरून बसला होता, लहान मूल धरावं तशी. "साहेबांच्या टेबलावं ठेवतो," तो म्हणाला. "समोर असलं की काहीतरी बोलावंच लागंल. न्हाई का?" मी म्हटलं, बघू.

सभा सुरू झाली. पहिल्यांदा श्रद्धांजली. वर्षभरात दिवंगत झालेल्या सभासदांची नावं कार्यकारी संचालकांनी गावनिहाय वाचायला घेतली. प्रवीणने मान खाली घातली होती. सोपानरावांचं नाव आलं, बापाच्या नावासकट, बरोबर. "...या सर्वांना ही सभा भावपूर्ण श्रद्धांजली..." आणि पुढच्या रांगेतून हात वर गेले. "मंजूर! मंजूर!" हे सवयीने झालं, मुद्दाम कोणी केलं नाही. कोणी हसलंही नाही, आणि 'दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया' असं सांगायच्या आत पुढचा विषय सुरू झाला होता. प्रवीणने माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या छताकडे बघू लागलो. छत नवीन होतं, निळं-पांढरं.

शेवटी तो उठला. मधल्या वाटेने सरळ व्यासपीठापर्यंत गेला. त्याला कोणी अडवलं नाही, कारण सत्काराचा कोणी राहिला असेल असं सगळ्यांना वाटलं. त्याने बाटली टेबलावर ठेवली. टेबलावर प्रत्येक मान्यवरासमोर एकेक बाटली होतीच. तिच्या शेजारी ही बाटली बसली. "हे आमच्या हिरीचं पानी हाय, साहेब. तात्यांनी लई वर्सं इचारलं. तुमी नुसतं बघा आन् सांगा." त्याचा आवाज वडिलांसारखा नाही, मागच्यांना काही ऐकू आलं नसेल. चेअरमन साहेबांनी बाटलीकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनी खरोखर पाहिलं. त्या क्षणात, हे आता उत्तर देतील, असं काहीतरी भलतंच माझ्या मनात येऊन गेलं.

कार्यकारी संचालक त्यांच्या कानाशी वाकले. मग माइक ओढून घेऊन त्यांनीच सांगितलं, "दिवंगत सभासदाच्या वारसाची नोंद अजून झालेली नाही. नोंद झाल्याशिवाय वारसाला सभेत प्रश्न उपस्थित करता येत नाही. नोंद झाल्यावर त्यांनी आपला प्रश्न आठ दिवस अगोदर द्यावा. लेखी उत्तर दिले जाईल."

"मंजूर!"

साहेबांनी प्रवीणच्या खांद्यावर हात ठेवला, आई कशी आहे विचारलं, जेवल्याशिवाय जाऊ नको म्हणाले. आभार झाले, राष्ट्रगीत झालं आणि माणसं ताटांकडे वळली. प्रवीण जेवला नाही. तो गाडीशी जाऊन उभा राहिला. मी मात्र मांडवात थांबलो होतो. बाटलीचं काय होतं ते मला बघायचं होतं. मांडववाल्याची माणसं व्यासपीठ आवरायला आली. एकजण पोतं घेऊन टेबलावरच्या बाटल्या गोळा करू लागला. बहुतेक मान्यवरांनी एकेक घोट पिऊन बाटल्या तशाच सोडलेल्या होत्या. तो एकेक उघडून उरलेलं पाणी खाली ओतायचा आणि बाटली पोत्यात टाकायचा. ती तांबडी बाटली हातात आल्यावर त्याने ती उजेडाला धरली, टोपण काढून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग इतरांसारखीच तीही व्यासपीठाच्या पायरीवर ओतली आणि पोत्यात टाकली. भंगारवाला भरलेल्या बाटल्या घेत नाही.